मातीचा श्वास झेलणारा पालथा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. डबा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पीठ, साखर किंवा बिस्किटे येतील आणि तुमचा हात आपोआप झाकणाकडे जाईल. परंतु माझ्यात आजवर खाण्याचा एक कणही कोणी ठेवलेला नाही. मला झाकणच नाही. माझे तोंड जन्मापासून खाली आहे आणि तळ वर आहे. 'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. कितीही सांगितले तरी ज्याच्या आत काहीच उतरत नाही, अशा माणसासाठी ती वापरतात. ती म्हण कानावर आली की मला थोडे वाईट वाटते. कारण मी पालथा आहे म्हणूनच माझ्यात जे मावले, ते सरळ उभ्या असलेल्या कोणत्याही डब्याच्या नशिबी आले नाही. मी जमिनीचा श्वास झेलला आहे.

होय, जमीन श्वास घेते. प्रथम मलाही ते खरे वाटले नव्हते.

माझा जन्म एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. त्या दुकानात बादल्या होत्या, नरसाळी होती, छपराच्या पन्हाळी होत्या. एके सकाळी एक बाई तेथे आल्या. त्यांच्या बुटांना चिखल होता आणि खांद्यावर भली मोठी पिशवी होती. शेतीमुळे व शेतमालामुळे हवा, पाणी आणि माती यांवर किती भार पडतो, हे मोजणे हा त्यांचा व्यवसाय होता. पुढे सर्वजण त्यांना मोजणीबाई म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणतो.

"तोंड खाली आणि तळ वर?" कारागिराने चष्मा कपाळावर चढवला. "मग बाई, ठेवायचं काय यात?"

"हवा."

"हवा? आणि ती कशाला डब्यात कोंडायची? ती काय दुधासारखी उतू जाते?"

"जाते ना, काका. जमिनीतून उतू जाते. तीच पकडायची आहे."

 कारागीर स्वतःशीच म्हणाला, "म्हातारपणी गिऱ्हाइकं पण काय एकेक भेटतात!" तथापि माणूस कामाचा पक्का होता. त्याने माझे सांधे बारीक डागले, वर रबराचे एक बूच बसवले आणि मला पाण्याच्या टाकीत दाबून धरले. "एक जरी बुडबुडा आला तरी माझं नाव बदला," असे तो म्हणाला. बुडबुडा आला नाही. उन्हाने मी तापू नये म्हणून मला बाहेरून थर्माकोल लावले व पांढरा रंग दिला. माझ्यासोबत एक लोखंडी कडेही तयार झाले. ते कडे जमिनीत रोवायचे, त्याच्या काठावरच्या खाचेत पाणी भरायचे आणि त्या पाण्यात माझी कड बुडवून मला वर बसवायचे. अशाने आतली हवा बाहेर जात नाही व बाहेरची आत येत नाही. मग बूच टोचून सुईच्या पिचकारीने ती हवा थोडी थोडी काढून घ्यायची आणि काचेच्या कुप्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. डॉक्टर रुग्णाच्या तोंडात तापमापी ठेवतात ना? मी पृथ्वीच्या तोंडावर ठेवलेली तापमापी होतो म्हणा.

त्या वर्षी मोजणीबाईंकडे एका टोमॅटो सॉसच्या कारखान्याचे काम आले होते. सॉसच्या एका बाटलीमागे जगावर एकंदर किती भार पडतो, हे त्यांना शोधायचे होते. बी पेरल्यापासून रिकामी बाटली फेकली जाईपर्यंत सर्व काही त्यात धरायचे होते. त्यांच्या जीपच्या मागच्या सीटवर बसून मी सगळीकडे हिंडलो. खताचा कारखाना पाहिला. पाण्याचे पंप पाहिले. काच वितळवणारी भट्टी पाहिली, तिच्याजवळ तर जीपची काचही हाताला चटका देत होती. रस आटवणाऱ्या कढया पाहिल्या, त्यांत एकेक माणूस उभा राहिला असता. ट्रकांच्या रांगा पाहिल्या. मी पत्र्याचा असूनही माझ्या अंगावर काटा आला. मित्रांनो, जेवणाच्या टेबलावर ठेवलेली ती एवढीशी बाटली! पण तिची सावली किती दूरवर पडते! तिच्या मागे नदी उभी असते, खाण उभी असते, आग उभी असते, धूर उभा असतो. आपण मात्र तिचे बूड थोपटतो आणि सॉस लवकर का पडत नाही म्हणून चिडतो.

त्या प्रचंड साखळीतला एकच दुवा माझ्या वाट्याला आला होता, तो म्हणजे शेताची माती.

कारखान्याला टोमॅटो पुरवणारी बरीच शेते होती. पुढच्या वर्षांसाठी कारखाना त्यांतील निवडकच शेते ठेवणार होता. ज्यांचा भार हलका ती ठेवायची, जड ती सोडायची, असे ठरले होते. त्यांतले एक शेत आत्यांचे होते. आत्या म्हणजे उंच बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या एक वृद्ध बाई. त्यांच्या सोबतीला त्यांच्या भावाचा मुलगा होता. हा भाचा चांगला कर्ता तरुण होता, परंतु त्याचे मन उडालेले होते. "हे एवढं शेवटचं वर्ष, आत्या," तो म्हणत असे. "कारखान्यानं घेतलं तर घेतलं. नाहीतर मी शहरात जातो, तू शेत कुणाला तरी कसायला दे." आत्या एकट्याने शेत चालवू शकणार नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून आत्यांनी मला पाहिले तेव्हा त्यांचे डोळे बारीक झाले. हाच तो परीक्षक, असे त्यांनी मनाशी धरले.

माझे कडे वाटेलगतच्या सरीत रोवले गेले. मला त्यावर बसवले आणि मोजणीबाई घड्याळ पाहत उकिडव्या बसल्या. तो क्षण मी कधीही विसरणार नाही. माझ्या आत काळोख झाला. उबदार, ओलसर काळोख. एक मुंगी माझ्या भिंतीवर चढली आणि विचार करून खाली उतरली. मग खालून काहीतरी वर येऊ लागले. त्याला रंग नव्हता, वास नव्हता, आवाज नव्हता. तरी ते येत होते, जसे झोपलेल्या बाळाचे पोट वरखाली होते तसे, हळूहळू, न थांबता.

मोजणीबाईंनी ते भाच्याला समजावून सांगितले, तेव्हा मलाही समजले. चिमूटभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. आपण घातलेले खत ते खातात, पचवतात आणि रोपांच्या मुळांना वाढून देतात. परंतु खत रोपांच्या भुकेपेक्षा अधिक झाले, वर पाणीही साचले, की उरलेल्याचा काही भाग वायू होऊन निघून जातो. त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. दातांचे डॉक्टर तो वायू रुग्णाला हुंगवतात, म्हणून त्याला हास्यवायूही म्हणतात.

"म्हणजे आमचं शेत हसतंय म्हणायचं," भाचा म्हणाला.

"वर गेल्यावर हसू संपतं," मोजणीबाई म्हणाल्या. "तो शंभराहून जास्त वर्षं वर राहतो, आणि धुराच्या कार्बन वायूपेक्षा शेकडो पट उष्णता धरून ठेवतो."

भाच्याने मान वर केली आणि तो आकाशाकडे पाहत राहिला. मीही पाहिले असते, पण माझे तोंड खाली होते. मला मात्र तेव्हाच उमगले की शेताची हद्द बांधावर संपत नाही. ती वरही जाते.

असे आठवडे गेले. मोजणीबाई ठरलेल्या वारी येत, मला कड्यावर बसवत, हवा काढून घेत आणि मला जीपमध्ये ठेवून निघून जात. कडे मात्र शेतातच असे, आणि इतर शेतांतही अशीच कडी रोवलेली होती. आणि मित्रांनो, येथेच घोटाळा झाला. बाई येण्याच्या आदल्या संध्याकाळी आत्या गोठ्यातून शेणखताची पाटी भरून घेत, वर बादलीभर पाणी घेत आणि मोठ्या ममतेने सर्व काही त्या कड्याच्या आत ओतत. "पाहुणा यायचा," त्या मातीला सांगत, "नीट राहा, पोरी. चार लोकांत लाज आणू नकोस." मग पदराने कड्याचा काठ पुसत. ज्याची परीक्षा आहे त्याला खाऊपिऊ घालून पाठवावे, एवढेच त्या शिकल्या होत्या. माती जितकी पोटभर तितके गुण अधिक, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हे कड्याने मला कडेला कड लावून सांगितले. परंतु पत्र्याचे बोलणे माणसांना कुठे ऐकू येते?

हंगाम अर्धा सरला तेव्हा एका मोजणीच्या दिवशी आमच्याबरोबर कारखान्याचे खरेदीसाहेबही आले. ते गोल चेहऱ्याचे, घाम पुसत बोलणारे, मनाने बरे असे गृहस्थ होते. ओट्यावर बसून ते पाणी प्यायले आणि मग खाली मान घालून म्हणाले, "आत्या, कसं सांगू... आतापर्यंतच्या मोजणीत तुमच्या शेताचा भार सगळ्यांत जड निघालाय."

"माझ्या?" आत्या उठून उभ्या राहिल्या. "अहो, पलीकडचा गोण्यांवर गोण्या ओततो, त्याचा हलका आणि माझा जड? तुमचा तराजू आहे की भोपळा?"

"मी नाही हो मोजलं. डब्यानं मोजलं."

आत्यांनी माझ्याकडे असे पाहिले की माझा रंग उडायचाच बाकी राहिला.  भाचा आत गेला आणि माळ्यावरची बॅग खाली काढण्याचा आवाज आला. आत्यांनी तो आवाज ऐकला. त्यानंतर दिवसभर त्यांनी कोणाशी भांडण केले नाही, यावरूनच त्यांच्या मनाची स्थिती तुम्ही ओळखा.

मोजणीबाईंना ते आकडे पटत नव्हते. गोठ्यातले खत, बेताचे पाणी, आणि तरी एवढा वायू? पण पटत नाही म्हणून आकडा खोटा ठरत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्या न कळवता, एक दिवस आधीच, दुपार कलताना आल्या. मी त्यांच्या काखेत होतो. पाहतो तो काय, आत्या कड्यापाशी वाकलेल्या, एका बाजूला दोन पाट्या रिकाम्या, आणि हातात भरलेली बादली!

"आत्या! हे काय करताय?"

आत्या दचकल्या नाहीत. उलट कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय म्हणजे? गेल्या खेपेला कमी पडलं असेल म्हणून आज दुप्पट घातलंय. आता बघतेच हा मेला डबा मला कसा नापास करतो ते!"

मोजणीबाई बांधावर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. प्रथम मला वाटले त्या रडत आहेत. पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. मग हसू ओसरले, आणि त्यांनी आत्यांना सर्व उलगडून सांगितले. हा डबा मातीचा कस पाहत नाही. मातीतून वाया काय जाते, ते पाहतो. तुम्ही तिला जितके वाढलेत, तितके तिने ओकले.

आत्यांच्या हातातील बादली खाली टेकली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच माझ्या हातानं?"

"आकडे खोटे नाहीत, आत्या. डब्यानं जे होतं तेच सांगितलं. फक्त ते तुमच्या शेताचं नव्हतं, तुमच्या पाहुणचाराचं होतं."

"मग टाक ना ते आकडे! पुसून टाक, झालं."

"तसं नाही करता येत. मला आवडले नाहीत म्हणून टाकले, तर उद्या आवडलेल्यांवर कोण विश्वास ठेवेल? का टाकले ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आणि ते मी नाही, तुम्ही सांगायचं."

मित्रांनो, आत्यांना हे मरणाहून कठीण वाटले. त्यांनी आयुष्यभर खरा माल विकला होता. आता चारचौघांत उभे राहून म्हणायचे की मी परीक्षकाला चारत होते? लोक लाच म्हणणार. दोन दिवस त्या बांधावर नुसत्या येरझारा घालत राहिल्या. शेवटी भाचाच त्यांच्यापाशी येऊन बसला.

"आत्या, ही लाच नाही गं. आणि लाच म्हटली तरी जगात पहिलीच असेल, जिनं देणाऱ्यालाच नापास केलं!"

"हस, टिकोजीराव, हस. बॅग भरून झाली असेल ना तुझी?"

"झाली. पण तू बोललीस तर थांबतो. नाही बोललीस तर आपण न लढताच हरलो."

कारखान्याच्या सभेच्या खोलीत लांब टेबल होते. भोवती इतर शेतकरी होते, खरेदीसाहेब होते, आणि टेबलाच्या मधोमध पुरावा म्हणून मला ठेवलेले होते. आत्या उठल्या. त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी लहान झाला होता. "मी त्या कड्यात शेणखत ओतत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चांगली दिसेल माझी माती. माझं अज्ञान. तिचा दोष नाही." खोलीत हशा पिकला. पण मागून एक शेतकरी उठला, कान खाजवत म्हणाला, "आता निघालंच आहे तर सांगतो. आमच्या कड्याला आमची ही रोज ताक पाजत होती." मग आणखी एकाने मान खाली घातली. मोजणीबाईंनी कपाळाला हात लावला. परकी वस्तू घरी आली की जी तिला आधी खाऊ घालतात, अशा माणसांत मोजमाप करणे किती अवघड असते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

सर्वांची मोजणी पुन्हा सुरू झाली. या वेळी नवी रीत ठरली. मालकाने शेताकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि खांद्यावरून मागे खडे फेकायचे. खडा पडेल तेथे कडे. आत्यांचा एक खडा रोपांच्या बुंध्याशी पडला, एक सरीत आणि एक पार कोपऱ्यातल्या खडकाळ पट्ट्यात.

"अगं, तिथं नको! तिथली माती म्हणजे सावत्र लेक."

"म्हणूनच तिथं. सख्खी, सावत्र, सगळ्या आल्या पाहिजेत."

नंतर आत्यांवर आयुष्यातले सर्वांत कठीण काम आले. कड्यांच्या आत आपण होऊन काही न घालण्याचे. बाकी शेताला जे मिळेल तेच तेथे मिळायचे, कमी नाही की जास्त नाही. त्या बांधावर हात मागे बांधून उभ्या राहत आणि ओठ चावत. मी एकेका कड्यावर बसत गेलो. त्याच शेताचे किती वेगळे श्वास! सरीतला जड, बुंध्याशी हलका, खडकाळ पट्ट्यात जवळजवळ नाहीच. सकाळी वेगळा, पाणी दिल्यावर वेगळा. एका शेतात जणू एक मोठे कुटुंबच झोपले होते, आणि मी प्रत्येकाच्या नाकापाशी हात धरून पाहत होतो. एवढी वर्षे झाली तरी ते आठवून मी थक्क होतो.

हंगाम संपल्यावर पुन्हा त्याच लांब टेबलाभोवती सर्व जमले. आत्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. मोजणीबाईंनी सरळ सांगितले. आत्यांचे शेत सर्वांत जड नव्हते. तसे सर्वांत हलकेही नव्हते. त्या खत एकदम पसरत आणि लगेच भरपूर पाणी सोडत, तेव्हा श्वास जड होत असे. खत थोडे थोडे, मुळाजवळ, आणि पाणी बेताने दिले तर तो निम्म्याने उतरेल, असा त्यांचा अंदाज होता. मग त्या म्हणाल्या की संपूर्ण बाटलीचा विचार केला तर सर्वांत मोठा भार कोणत्याच शेताचा नाही. तो काचेच्या भट्टीचा आणि रस आटवण्याच्या आगीचा आहे.

 आत्यांनी हळूच खरेदीसाहेबांकडे पाहिले.

"साहेब, मी माझी पद्धत बदलते. मग तुम्ही पण ती बाटली एकदाच वापरून फेकू नका, धुऊन परत भरा. परीक्षेला बसायचं तर सगळे बसू."

खरेदीसाहेबांनी घाम पुसला, आणि ते हसले. "बसतो, आत्या. आणि तुमचं शेत ठेवतो."

आत्या खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या.  घरी परतल्यावर भाच्याने बॅग उघडली, कपडे दोरीवर टाकले आणि कडी काढायला आलेल्या मोजणीबाईंना विचारले, "तुमच्याकडे आता नवे डबे येणार म्हणता. मग हा जुना मला देता का? दर हंगामाला हवा आमची आम्हीच काढू आणि कुप्या तुमच्याकडे पाठवू."

अशा प्रकारे मी या घरचा झालो. नवे डबे पारदर्शक असतात, त्यांना तारा असतात, ते स्वतःच मोजतात, असे ऐकतो. मला त्यांचा हेवा वाटत नाही. माझे बूच कडक झाले आहे, थर्माकोल उंदराने कुरतडले आहे आणि गेले काही हंगाम कामाच्या गर्दीत मी गोठ्याच्या खुंटीवरच लटकलेला आहे. परवा भाच्याच्या छोट्या लेकीने मला भोके पाडून कुंडी करायचे ठरवले होते. आत्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "खबरदार! त्याला भोक पाडलंस तर आपलं खरं कोण सांगेल?"

म्हणून मित्रांनो, हात जोडून एवढेच मागतो. जुनी मापे मोडीत काढण्यापूर्वी त्यांचे बूच बदलून पाहा. ताटातल्या घासाची सावली कुठवर जाते, ते एकदा तरी विचारा. मातीवर माया करा, परंतु तिच्या भुकेएवढेच तिला वाढा. आणि कोणी तिची नाडी पाहायला आले, तर तिला नटवू नका. बाजूला उभे राहा, हात मागे बांधा, आणि आत्या राहिल्या तशा गप्प राहा. ती आपले आपण सांगते.